दुकानदार पुस्तक निवडतो तेव्हा: विक्रेत्यांचे साहित्य पुरस्कार कसे ठरतात

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात एक गोल सोनेरी स्टिकर असतो आणि त्यावर अमुक प्रदेशाच्या पुस्तकविक्रेत्यांचा पुरस्कार मिळाल्याचं छापलेलं असतं. अकादमीचा पुरस्कार कळतो, सरकारचा कळतो, कुणाच्या स्मरणार्थ दिलेलाही कळतो. दुकानदारांनी दिलेला पुरस्कार म्हटलं की मात्र कपाळाला आठी पडते. ज्याला माल विकायचाय तोच मालाला बक्षीस देणार, मग त्यावर विश्वास काय ठेवायचा?

शंका रास्त आहे. साहित्याची आणि पुरस्कारांची ओळख सोलापूरकरांना नव्याने करून द्यायला नको. १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली आणि २००६ साली मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखाली इथे मराठी साहित्य संमेलन भरलं. त्र्यं. वि. सरदेशमुखांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ला २००३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भैरूरतन दमाणी यांच्या नावाचा पुरस्कार तर सोलापूरचाच. पण हे सगळे पुरस्कार एका जातकुळीचे आहेत आणि विक्रेत्यांचा पुरस्कार वेगळ्या. हा फरक एकदा लक्षात आला की कुठल्या स्टिकरला किती वजन द्यायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

देणारा कोण आणि निवडणारा कोण

कुठल्याही पुरस्काराबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. पैसे आणि नाव कुणाचं, हा एक. पुस्तक कुणी निवडलं, हा दुसरा. बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो.

साहित्य अकादमीत प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षक शेवटचा निर्णय घेतात. पुरस्काराच्या वर्षाच्या लगेच आधीचं वर्ष सोडून त्यामागच्या पाच वर्षांत प्रथम प्रकाशित झालेली पुस्तकं विचारात घेतली जातात. म्हणजे २०२३ च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ ही वर्षं. परीक्षक साहित्याचे जाणकार असतात. भाषेत या पुस्तकाने काय भर घातली, हे ते पाहतात.

दुकानाचं नाव असलेला प्रत्येक पुरस्कार दुकानदारांचा असतो असंही नाही. भारतात १९९८ पासून पुस्तकांच्या दुकानांच्या एका साखळीच्या नावाने, म्हणजे क्रॉसवर्डच्या नावाने, पुरस्कार दिला जातो. तिथे नाव दुकानाचं, निवड मुख्यतः नेमलेल्या परीक्षकांची. जर्मनीत ग्रंथव्यवसायाची संघटना १९५० पासून शांतता पुरस्कार देते, पण तो माणसाला असतो, एखाद्या पुस्तकाला नाही.

खरा विक्रेत्यांचा पुरस्कार म्हणजे ज्यात मत देणारा स्वतः गल्ल्यावर बसतो किंवा कपाटापुढे उभा राहून गिऱ्हाइकाला पुस्तक काढून देतो तो. या लेखात विषय त्याचाच आहे.

ज्वारीचं उदाहरण घ्या. कृषी विद्यापीठ एखाद्या वाणाची निवड करतं तेव्हा उतारा, रोगाला तोंड देण्याची ताकद, कडब्याची उंची हे सगळं मोजतं. ते हवंच. पण धान्याच्या पेठेतला दुकानदार पोत्यात हात घालून दाणे तळहातावर घेतो आणि सांगतो, “ही मालदांडी न्या, मंगळवेढ्याची आहे, भाकरी दुसऱ्या दिवशीपण मऊ राहती.” त्याला हे प्रयोगशाळेतून कळलेलं नसतं. मागच्या महिन्यात ज्यांनी नेली ते परत आले, आणि तीच मागितली, म्हणून कळलेलं असतं. दोन्ही ज्ञान खरी आहेत. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

गल्ल्यावर बसून काय कळतं

दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्याला पुस्तकाबद्दल अशा काही गोष्टी दिसतात ज्या परीक्षकाला दिसू शकत नाहीत. कुठलं पुस्तक लोक उचलतात, चार पानं वाचतात आणि परत ठेवतात. कुठलं पुस्तक मुखपृष्ठ बघून खपतं, पण नेणारा त्या लेखकाचं पुढचं पुस्तक कधी विचारत नाही. यातली सर्वांत मोठी खूण म्हणजे एकाच गिऱ्हाइकाने त्याच पुस्तकाची दुसरी प्रत नेणं. पहिली स्वतःसाठी, दुसरी कुणाला तरी द्यायला. जाहिरातीने पहिली प्रत खपवता येते, दुसरी खपवता येत नाही.

आणि एक प्रश्न रोज येतो: “तसलंच दुसरं काय हाय का बघा की.” या प्रश्नाला उत्तर देताना दुकानदार अनोळखी माणसाच्या हातात स्वतःच्या भरवशावर पुस्तक ठेवतो. चुकलं तर ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी विचारत नाही. विक्रेत्यांचा पुरस्कार म्हणजे अशा शेकडो शिफारशींची बेरीज.

आता पैशाची बाजू, कारण तिच्याशिवाय हा विषय अर्धवट राहतो. समजा, कादंबरीची किंमत ३०० रुपये आहे आणि दुकानदाराला ३० टक्के कमिशन मिळतं, म्हणजे ९० रुपये. वाचकाला १० टक्के सूट दिली की ३० गेले, उरले ६०. पुण्याहून पार्सल आणण्याचा खर्च प्रतीमागे १० रुपये धरला तर ५०. यातून दुकानाचं भाडं, वीज, पगार. आणि ही कादंबरी आठ महिने कपाटात पडून राहिली तर तिने तेवढी जागा अडवली, जिथे मार्गदर्शकं आणि वह्या आठवड्यात उलटल्या असत्या.

म्हणून नव्या लेखकाचं पुस्तक दुकानदार शक्यतो जाकड घेतो. जाकड म्हणजे खपलं तर पैसे, नाही खपलं तर माल परत. प्रकाशक जाकड द्यायला तयार नसेल तर ते पुस्तक सोलापुरात येतच नाही. मग ते चांगलं की वाईट हे ठरण्याची वेळही येत नाही. नव्या मराठी पुस्तकाचं सगळ्यात मोठं दुखणं वाईट परीक्षण हे नाही, पुस्तक कपाटापर्यंत न पोचणं हे आहे. विक्रेत्यांचा पुरस्कार नेमका त्या दुखण्यावर काम करतो, कारण मत देणारा आणि कपाटाचा मालक एकच असतो.

हे जगात कुठे चालतं

इटलीच्या डोंगराळ लुनिजाना भागात मोंतेरेज्जो नावाचं गाव आहे. तिथले फिरते विक्रेते पाठीवरच्या टोपलीत पुस्तकं भरून उत्तर इटलीत विकत हिंडायचे. त्यांच्या वारसांनी शेजारच्या पोंत्रेमोली गावात ‘बांकारेल्ला’ पुरस्कार सुरू केला. या शब्दाचा अर्थच रस्त्यावरची विक्रीची मांडणी. पहिला पुरस्कार १९५३ साली हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ला मिळाला. हेमिंग्वेला नोबेल मिळालं त्यानंतर, १९५४ साली. इथे आधी सहा पुस्तकांची अंतिम यादी होते, त्या सहांनाही मान मिळतो, आणि मग विक्रेत्यांच्या मतांनी एक विजेतं ठरतं.

फ्रान्समध्ये विक्रेत्यांचा पुरस्कार १९५५ पासून आहे. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या स्वतंत्र दुकानांची संघटना १९६० च्या दशकापासून आपल्या प्रदेशातल्या लेखकांची पुस्तकं गौरवते. तिथे ‘प्रादेशिक’ ही अट लेखकाला लागू आहे: तो त्या भागात राहणारा हवा.

मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती जपानची पद्धत. २००३ च्या जानेवारीत तिथल्या नाओकी या मोठ्या पुरस्काराच्या समितीने कुणालाच पुरस्कार दिला नाही. दुकानांत काम करणाऱ्यांना हे पटलं नाही. चांगली पुस्तकं तर समोर होती. त्या चर्चेतून २००४ साली दुकान-कर्मचाऱ्यांचा पुरस्कार उभा राहिला. त्याचं घोषवाक्य साधारण असं: देशभरातल्या दुकानांतल्या माणसांनी निवडलेलं, त्यांना सर्वांत जास्त विकावंसं वाटणारं पुस्तक. पहिल्या वर्षी योको ओगावा यांची, फक्त ८० मिनिटं आठवण टिकणाऱ्या गणिताच्या प्राध्यापकाची कादंबरी निवडली गेली.

पद्धत दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येकाने वर्षभरातली तीन पुस्तकं सुचवायची. त्यातून वरची दहा निघतात. दुसऱ्या टप्प्यात ज्याला मत द्यायचंय त्याने दहाही वाचायची, तीन निवडून क्रम लावायचा आणि का ते लिहायचं. पहिल्या पसंतीला ३ गुण, दुसरीला २, तिसरीला दीड.

दीड गुणाची करामत

तिसऱ्या पसंतीला सरळ १ का नाही, हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. समजा, २० जण मत देतात. ‘अ’ पुस्तकाला ८ पहिल्या पसंती, २ दुसऱ्या आणि १ तिसरी मिळाली. ‘ब’ला ४ पहिल्या, ५ दुसऱ्या, ६ तिसऱ्या. उरलेल्या पसंती इतर पुस्तकांत वाटल्या गेल्या.

एकाला एकच मत असतं तर ‘अ’ ८ विरुद्ध ४ असं सहज जिंकलं असतं. गुण ३, २, १ असे दिले तर ‘अ’चे २४ अधिक ४ अधिक १, म्हणजे २९, आणि ‘ब’चे १२ अधिक १० अधिक ६, म्हणजे २८. अजूनही ‘अ’च पुढे. आता तिसऱ्या पसंतीला दीड गुण द्या. ‘अ’ साडेएकोणतीसवर जातं आणि ‘ब’ १२ अधिक १० अधिक ९, म्हणजे ३१ वर. ‘ब’ जिंकलं.

का जिंकलं ते बघा. ‘अ’ ११ जणांच्या यादीत आहे, ‘ब’ १५ जणांच्या. ‘अ’चे चाहते कट्टर आहेत, पण जवळजवळ निम्म्या लोकांनी त्याला पहिल्या तिनांतही धरलं नाही. ‘ब’ जास्त दुकानांत मनापासून सुचवलं जाईल. विक्रेत्यांच्या पुरस्काराला हेच हवं असतं. शिवाय एखाद्या लेखकाच्या पाच मित्रांनी ठरवून पहिली पसंती दिली तरी निकाल सहज हलत नाही. समसमान झालं तर जे पुस्तक जास्त मतपत्रिकांवर आहे ते पुढे, आणि तरीही बरोबरी राहिली तर दोघांना पुरस्कार, हा नियम आधीच लिहून ठेवलेला बरा. बरोबरी झाल्यावर नियम करायला बसलं की भांडण ठरलेलं.

मग हा खपाचाच पुरस्कार झाला ना?

नाही. खपाची यादी काय विकलं गेलं ते सांगते. तिला मत नसतं. सोलापुरात वर्षभर सर्वांत जास्त काय जातं याचा अंदाज कुणीही बांधेल: शालेय मार्गदर्शकं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, पंढरपूर-अक्कलकोटच्या वाटेवर पोथ्या, हरिपाठ, गाथा. त्यांना पुरस्काराची गरज नाही. ती मागून घेतली जातात.

पुरस्कार विचारतो की न मागता तुम्ही काय द्याल. म्हणून जपानच्या घोषवाक्यात ‘सर्वांत जास्त विकलेलं’ हा शब्दप्रयोग नाही, ‘विकावंसं वाटणारं’ हा आहे. अर्थात कल वाचनीय पुस्तकाकडे राहतो, हे मान्य करायला हवं. प्रयोगशील कविता, कठीण समीक्षा, जाडजूड संशोधन या पद्धतीत क्वचितच वर येतं. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने काढलेल्या प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या अभ्यासकांना मोलाच्या आहेत, पण विक्रेत्यांच्या मतदानात त्यांचा नंबर लागणार नाही. तिथे तज्ज्ञ परीक्षकच हवेत. ही या पुरस्काराची मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

दुकानदाराचा स्वार्थ आडवा येत नाही का?

येतो, आणि मराठीत तो एका विशेष कारणाने येतो. आपल्याकडे अनेक विक्रेते स्वतः प्रकाशकही आहेत. दुकान पुढे, प्रकाशन मागे. अशा माणसाने आपल्याच पुस्तकाला मत दिलं तर सगळा खेळ खलास. म्हणून पहिला नियम: स्वतःच्या, भावाच्या, भागीदाराच्या प्रकाशनाला मत नाही. दुसरा: प्रवेश शुल्क नाही. प्रकाशकाकडून प्रत्येक पुस्तकामागे पैसे घेतले की तो पुरस्कार राहत नाही, जाहिरातीचा दर होतो. तिसरा: मतदानाच्या काळात अंतिम यादीतल्या पुस्तकांवर कुणी जादा कमिशन देऊ नये आणि घेऊ नये. एका पुस्तकावर ३० आणि दुसऱ्यावर ४५ टक्के असेल तर हात आपोआप दुसऱ्याकडे जातो. त्यात कुणी वाईट असण्याची गरज नाही.

चौथा नियम वाचनाचा. न वाचता दिलेलं मत हा सर्वांत मोठा आजार आहे आणि तो फसवणुकीने होत नाही, वेळ न मिळाल्याने होतो. त्यावर साधा उपाय म्हणजे मतपत्रिकेवर प्रत्येक पसंतीखाली दोन ओळी लिहायला लावणं. “भाषा ओघवती आहे” असं कुठल्याही पुस्तकाबद्दल लिहिता येतं. ते मत बाजूला ठेवायचं. “बाप बैल विकून येतो त्या प्रकरणानंतर पुस्तक खाली ठेवता येत नाही” असं लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असतं. या ओळी पुढे वायाही जात नाहीत. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून पुस्तकाखाली लावल्या की गिऱ्हाईक थांबून वाचतं.

‘प्रादेशिक’ म्हणजे दुय्यम का?

हेमिंग्वेचं उदाहरण वर आलंच. पोंत्रेमोली हे छोटं गाव. पण तिथल्या विक्रेत्यांनी निवडलेलं पुस्तक छोटं नव्हतं. प्रदेश लहान असला की मत देणाऱ्यांना गिऱ्हाईक नीट माहीत असतं, हा फायदाच आहे.

खरी अडचण दुसरी: प्रदेश कशाने ठरवायचा? लेखक इथे राहतो म्हणून, पुस्तक इथल्या आयुष्याबद्दल आहे म्हणून, की मत देणारी दुकानं इथली आहेत म्हणून? तिन्हींचे परिणाम वेगळे. पहिली अट लावली तर नोकरीसाठी पुण्याला गेलेला बार्शीचा लेखक बाद होतो. दुसरी लावली तर सांगोल्यात बसून समुद्रावर लिहिणारी लेखिका बाद. माझ्या मते तिसरी अट सर्वांत सरळ आहे. पुस्तक कुठलंही असो, मत इथलं.

सोलापुरात याला भाषेचीही बाजू आहे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरोघरी बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, आणि उर्दू वाचणाऱ्यांची वस्ती जुनी आहे. तेलुगू आणि मराठी यांच्यात पूल बांधणारे लक्ष्मीनारायण बोल्ली इथलेच. फक्त मराठी पुस्तकांचा पुरस्कार ठेवला तर तो सोलापूरचा अर्धाच पुरस्कार होईल. पण चारही भाषांतली पुस्तकं एकाच यादीत टाकली तर सगळी वाचू शकणारा मतदार सापडणार नाही. मधला मार्ग असा: मुख्य पुरस्कार मराठीत वाचता येणाऱ्या पुस्तकाला, आणि या तीन भाषांमधून मराठीत आलेल्या अनुवादासाठी एक वेगळी जागा. तिथे अनुवादकाचं नाव लेखकाच्या बरोबरीने घ्यायचं.

सोलापुरात करायचा झाला तर

तालुके ११ आहेत आणि बऱ्याच गावांत पुस्तकाचं दुकान म्हणजे मुळात वह्या-पेनांचं दुकान. म्हणून पात्रता आधी ठरवावी: ज्या दुकानात अभ्यासक्रमाबाहेरची किमान २०० वेगवेगळी पुस्तकं कायम ठेवलेली आहेत ते दुकान. अशी २० दुकानं मिळाली तरी काम सुरू करता येतं. मत मालकालाच नाही, कपाटापुढे उभ्या राहणाऱ्या मुला-मुलींनाही हवं. फक्त एका दुकानाची दोनापेक्षा जास्त मतं नकोत, नाहीतर मोठं दुकान सगळ्यांना गिळून टाकतं.

वेळापत्रक चुकलं की सगळं चुकतं. मे अखेरपासून जुलैपर्यंत शाळेची खरेदी असते. या दिवसांत दुकानदाराला जेवायला वेळ नसतो, तिथे कादंबरी कुठली वाचणार? आषाढीच्या आसपास पंढरपूरकरांना विचारूच नये. म्हणून पुस्तकांचं वर्ष १ जुलै ते ३० जून धरावं. सुचवण्याची पहिली फेरी १ ते २० ऑगस्ट. ऑगस्टअखेर सहा पुस्तकांची अंतिम यादी. जपानसारखी दहा नको, आपली दुकानं लहान आहेत.

सहा पुस्तकं, प्रत्येकी २५० पानं, म्हणजे १,५०० पानं. रोज २० पानं वाचली तर ७५ दिवस. सप्टेंबरला सुरू केलं आणि दिवाळी अंकांच्या गर्दीचे वीस दिवस सोडले तरी डिसेंबरच्या सुरुवातीला वाचन संपतं. प्रती मात्र प्रकाशकाकडून फुकट मागू नयेत. फुकट आलेल्या पुस्तकाचं ओझं मनावर राहतं. २० दुकानांना २० संच लागत नाहीत. चार दुकानांत एक संच फिरवला तर पाच संच पुरतात. ३०० रुपयांची सहा पुस्तकं, पाच संच, म्हणजे ९,००० रुपये. ३० टक्के सूट वजा जाता ६,३००. प्रत्येक दुकानाच्या वाट्याला ३१५ रुपये येतात. चौघांत सहा पुस्तकं फिरताना चार वाचनात आणि दोन मोकळी असतात. दर १३ दिवसांनी अदलाबदल केली की ७८ दिवसांत सगळ्यांची सगळी वाचून होतात. संच एका गावातल्या किंवा एकाच रस्त्यावरच्या दुकानांत ठेवावा, म्हणजे अदलाबदल एस.टी.च्या पार्सलवर अवलंबून राहत नाही. बार्शीचं पुस्तक अकलूजला पाठवायला निघालात की तेरा दिवसांचे वीस होतात.

वाचन संपलं तरी मतपत्रिकेच्या ओळी लिहायला आणि मागे पडलेल्यांना गाठायला महिना हाताशी ठेवावा. दुसरी फेरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उरकावी, कारण त्यानंतर सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. निकाल मात्र लगेच सांगू नये. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, सगळ्यांना सुचतो. पण त्या दिवशी प्रत्येक शाळा-कॉलेजात कार्यक्रम असतो आणि वर्तमानपत्रात जागा उरत नाही. आठवडाभर आधी, २० च्या सुमारास जाहीर केला तर बातमी नीट वाचली जाते आणि २७ तारखेला बक्षीस म्हणून तेच पुस्तक वाटलं जाण्याची शक्यता राहते.

मधले पाच-सहा आठवडे कशाला हवेत?

प्रती छापायला. हेच सर्वांत जास्त वेळा बिघडतं. पुस्तकाला पुरस्कार मिळतो, लोक दुकानात येतात, आणि उत्तर मिळतं: “संपलंय, आठ दिवसांनी या.” आठ दिवसांनी दहातले दोन येतात.

आज मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती अनेकदा ५०० प्रतींचीच असते. समजा, १२० शिल्लक आहेत. २० दुकानांत सहा-सहा वाटल्या की संपल्या. म्हणून प्रकाशकाला निकाल गुपचूप आधी सांगावा आणि दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: निकालाच्या दिवशी प्रत्येक दुकानात किमान दहा प्रती असतील, आणि त्या जाकड असतील.

२४० पानांचं डेमी आकाराचं, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं पुस्तक म्हणजे १६ पानी १५ फर्मे (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा जुडगा म्हणजे फर्मा). फाइल तयार असेल तर ऑफसेटवर छपाई दोन-तीन दिवसांचं काम. वेळ खातात ते मुखपृष्ठाचं लॅमिनेशन, घडी, बांधणी आणि कापणी, आणि छापखान्यातली रांग. एकूण दोन ते तीन आठवडे धरावेत. दोन-तीनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई लवकर होते, पण प्रतीचा खर्च चढतो. घाईत बांधलेल्या पुस्तकाचा डिंक नीट धरत नाही. मधून उघडलं की पानांचा गठ्ठा सुटतो. छापखान्यातून प्रती आल्या की एक प्रत मध्यावर पूर्ण उघडून बघावी, पानं हलली तर सगळा लॉट परत पाठवावा.

स्टिकरबद्दलही सांगायला हवं. तो लेखकाच्या नावावर, किमतीवर किंवा मागच्या बारकोडवर लावू नये. स्वस्त डिंकाचा स्टिकर सोलापूरच्या एप्रिलमध्ये घसरतो आणि मुखपृष्ठावर काळा चिकट डाग सोडतो. त्यापेक्षा मुखपृष्ठाभोवती गुंडाळायची कागदी पट्टी बरी. वाचकाला नको असेल तर काढून टाकता येते, आणि तिच्यावर दुकानदाराच्या त्या दोन ओळी छापायला जागाही मिळते. उन्हाच्या बाजूच्या काचेत मात्र पुरस्कारप्राप्त पुस्तक महिनाभर मांडून ठेवू नये. लाल रंग आधी उडतो, मग पुस्तक जुनं दिसायला लागतं.

ऑनलाइन २० टक्के स्वस्त मिळतं, मग दुकानात का जायचं?

स्वस्त मिळत असेल तर तिथून घेणाऱ्याला दोष देता येत नाही. पण दुकानातली निवड ही फुकट मिळणारी सेवा आहे आणि तिचा खर्च दुकानदाराला प्रतीमागे उरणाऱ्या त्या ५० रुपयांतून निघतो. सगळे दुकानात चाळून मोबाइलवर मागवायला लागले तर चाळायला दुकान उरत नाही. वाचनालयं इथे मोठा आधार देऊ शकतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थेपासून खेड्यातल्या छोट्या वाचनालयापर्यंत सर्वांनी अंतिम यादीतली सहाही पुस्तकं स्थानिक दुकानातून घेतली, तर नव्या लेखकाच्या पहिल्या आवृत्तीचा मोठा हिस्सा जिल्ह्यातच संपेल.

स्टिकर दिसला तर काय विचारायचं

पुढच्या वेळी असा स्टिकर दिसला की आधी मत कुणी दिलं ते शोधा: विक्रेत्यांनी, की विक्रेत्यांच्या संघटनेने नेमलेल्या तिघांनी. मग अंतिम यादी जाहीर झाली होती का ते बघा. यादी नसेल आणि एकदम विजेता आला असेल तर पुस्तक कशाशी तुलना करून निवडलं ते कळायला मार्ग नाही. प्रकाशकाचं नाव आणि पुरस्कार देणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या दुकानाचं नाव एकच असेल तर पुस्तक जरूर वाचा, पण स्टिकरकडे दुर्लक्ष करा. आणि यादीतली हरलेली पुस्तकं विसरू नका. सहापैकी विजेतं एक असतं, तुमच्या आवडीचं दुसरंच असू शकतं.

पुस्तक दुकानात नसेल तर नुसतं नाव सांगून परत फिरू नका. एकाच नावाची दोन-तीन पुस्तकं सर्रास असतात. कागदावर नाव, लेखक, प्रकाशक आणि मागच्या बारकोडवरचा ९७८ ने सुरू होणारा १३ आकडी क्रमांक लिहून द्या, आपला फोन नंबर खाली टाका आणि पुस्तक कधी येईल ते विचारा. दुकानदार पुण्याला फोन लावतो तेव्हा त्याला एवढंच लागतं. आणि एकाच पुस्तकाचे असे तीन कागद जमले की तो एक प्रत न मागवता पाच मागवतो.